नव्या करारातले उपासनेचे ग्रीक शब्द: तक्ता आणि कार्डं बनवतानाच्या नोंदी

१२ जून २०२४

बुधवारच्या अभ्यासवर्गात निघालेला विषय. रविवारी गाणी संपली की मंचावरून सांगतात, “वर्शिप झाली, आता वचनाकडे वळू या.” वर्गातल्या एका काकांनी आज विचारलं, मग वचन ऐकणं ही उपासना नव्हे काय? दोन बाजू पडल्या. पाळकसाहेब म्हणाले, वाद घालण्याआधी मूळ ग्रीकमध्ये कोणकोणते शब्द आहेत ते तरी मांडा. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण मला ग्रीक अक्षरं वाचता येतात आणि ऑफिसात दिवसभर माझं एक्सेलच चालतं.

काम असं ठरलं: नव्या करारात उपासनेसाठी येणारे शब्द एकूण एक जागांसह तक्त्यात भरायचे. रकाने: वचन, ग्रीक शब्द, कोण करतंय, कोणापुढे, शरीराने काय करतंय, मराठी बायबलात कोणता शब्द. त्यावरून प्रत्येक शब्दाचं एक कार्ड. दुसऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर माझा वेळ कुठे गेला ते कळावं, म्हणून या नोंदी.

१५ जून

आजचा पूर्ण दिवस “काय घ्यायचं आणि काय नाही” यातच गेला. इंग्रजी बायबलात जिथे जिथे “वर्शिप” आहे तिथलं ग्रीक उचलायचं, असं आधी वाटलं. तसं केलं तर इंग्रजी भाषांतरकारांचीच निवड आपल्या तक्त्यात उतरते. मग उलटं केलं. ग्रीक शब्दांची घराणी ठरवली आणि त्यांच्या सगळ्या जागा घ्यायच्या, भाषांतर काहीही असो.

घेतलेली घराणी: प्रोस्कुनेओ, म्हणजे वाकणं, पालथं पडणं. लात्रेउओ आणि त्याचं नाम लात्रेइया, म्हणजे सेवा. लेइतुर्गेओ, लेइतुर्गिया, लेइतुर्गोस, हीसुद्धा सेवाच, पण वेगळ्या जातीची. सेबोमाय, म्हणजे आदर, भय, भक्ती. थ्रेस्केइया, म्हणजे धर्माचरण, विधी. आणि जाता जाता एउसेबेओ, म्हणजे भक्तिभावाने वागणं.

स्तुती, प्रार्थना आणि उपकारस्तुती यांचे शब्द मुद्दाम सोडले. ते घेतले असते तर हा तक्ता नाताळपर्यंतही पुरा झाला नसता.

१८ जून

हाताने वचनं शोधायची नव्हती. मॉर्फजीएनटी नावाचं काम इंटरनेटवर मोफत मिळतं. नव्या कराराच्या २७ पुस्तकांच्या २७ फाइली, दर ओळीला एक शब्द, आणि ७ रकाने. पहिल्या रकान्यात पुस्तक-अध्याय-वचन असा आकडा (मत्तय २:२ म्हणजे ०१०२०२), शेवटच्या रकान्यात शब्दाचं मूळ रूप. मूळ रूपावर गाळणी लावली की काम झालं, अशी समजूत.

गाळणी लावली, उत्तर शून्य. प्रोस्कुनेओ नव्या करारात एकदाही नाही म्हणे! डोळ्यांनी पाहिलं तर मत्तयाच्या दुसऱ्याच अध्यायात तो शब्द समोर दिसतोय.

दोन संध्याकाळी यात गेल्या, तेव्हा कारण कळलं. ग्रीक स्वरावरचा आघात युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांची क्रमांक-यादी) दोन ठिकाणी साठवलेला आहे, एकदा टोनोस म्हणून, एकदा ऑक्सिया म्हणून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळी अक्षरं. मी शोधायचा शब्द एका शब्दकोशाच्या पानावरून उचलला होता, त्यात ऑक्सिया होता, फाइलीत टोनोस. उपाय एका ओळीचा आहे: पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दोन्ही बाजू एनएफसी या एकाच युनिकोड रूपात आणायच्या आणि मगच ताडून पाहायच्या. मराठीत “ऱ्या” दोन तऱ्हांनी टाइप होतो आणि शोधताना सापडत नाही, त्यातलाच प्रकार. हे आधी आठवलं असतं तर बरं झालं असतं.

आणखी एक. सेबोमाय काही कोशांत सेबो या रूपाखाली असतो. दोन्ही शोधा, नाहीतर आकडा चुकेल.

२३ जून

आकडे आले. प्रत्येक ओळ छापील नव्या करारात बोट ठेवून तपासली.

प्रोस्कुनेओ ६० वेळा. मत्तय १३, मार्क २, लूक ३, योहान ११, प्रेषितांची कृत्ये ४, १ करिंथ १, इब्री २, प्रकटीकरण २४. म्हणजे ६० पैकी ४८ मत्तय, योहान आणि प्रकटीकरण या तीनच पुस्तकांत. पौलाच्या पत्रांत फक्त एकदा. याकोब, पेत्र, योहान, यहूदा यांच्या पत्रांत एकदाही नाही.

लात्रेउओ २१, त्यातले ६ इब्री लोकांस पत्रात. लात्रेइया ५. लेइतुर्गेओ घराणं सगळं मिळून १५. सेबोमाय १०. थ्रेस्केइया ४.

पौलाचा तो एक आकडा पाहून मी पुन्हा गाळणी लावली. बरोबरच होता. १ करिंथ १४:२५. आणि तिथेही पालथं पडणारा मंडळीतला माणूस नाहीच. सभेत चुकून आलेला, विश्वास न ठेवणारा बाहेरचा माणूस आहे. रविवारच्या सभेला जो शब्द आपण सगळ्यात आधी लावू, तो शब्द सभेबद्दल एवढं लिहिणाऱ्या पौलाने सभासदांसाठी वापरलेलाच नाही.

याचं कारण “शरीराने काय करतंय” या रकान्यात आहे असं वाटतं. तो रकाना मी निव्वळ हौस म्हणून ठेवला होता. शुभवर्तमानांत आणि प्रकटीकरणात समोर कुणीतरी दिसणारं असतं: घरातलं बाळ, रस्त्यावरचा गुरू, राजासन. पडायला पाय असतात. पत्रांत ते नाहीत.

दोन ओळींपुढे तांबडी खूण केली आहे. लूक २४:५२ मधला हा शब्द बेझा नावाच्या जुन्या हस्तलिखितात नाही. योहान ९:३८, जन्मांध माणसाने येशूला नमन केलं ते वचन, काही जुन्या हस्तलिखितांत नाही. आकड्यात दोन्ही धरले आहेत. कार्डावर मात्र उदाहरण म्हणून घेतले नाहीत. खात्रीची उदाहरणं भरपूर असताना वादातलं कशाला घ्या.

२९ जून

देवनागरीत ग्रीक लिहिण्याचा घोळ. थीटा, फी, खी यांना थ, फ, ख चपखल बसतात, इंग्रजीपेक्षा आपण इथे सुखी. पण ग्रीकमधला ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए आपल्याकडे एकाच मात्रेत जातात, ओ चंही तेच. वेगळी चिन्हं काढून पाहिली. वर्गातल्या मावशींना वाचताच येईनात. शेवटी नियम एवढाच केला: एका शब्दाचं एकच लेखन, सगळीकडे तेच. “प्रॉस्क्युनिओ” हे इंग्रजी वळणाचं रूप सगळीकडून काढलं.

वर्गातले एक मामा मर्चंट नेव्हीत होते. ते म्हणाले, आजचे ग्रीक लोक “प्रोस्किनो” म्हणतात. खरं आहे, पण कार्डावर जुना उच्चार ठेवला.

३ जुलै

प्रोस्कुनेओच्या कार्डाचा कच्चा मसुदा वर्गात दाखवला. लगेच दोघांनी विचारलं, कुत्र्याचं कुठे आहे?

हे कुत्रं प्रवचनांतून बरंच फिरलेलं आहे: “मूळ अर्थ, कुत्रं जसं मालकाचा हात चाटतं तसं देवापुढे होणं.” त्याचा उगम शोधला. जेम्स स्ट्राँग यांच्या १८९० च्या शब्दसूचीत (बायबलातल्या प्रत्येक मूळ शब्दाला तिथे क्रमांक आहे), ४३५२ या क्रमांकाखाली, हा शब्द बहुधा कुत्र्याच्या शब्दावरून आला असं म्हटलं आहे आणि हात चाटणाऱ्या कुत्र्याचा दाखलाही तिथेच आहे. स्ट्राँगचे क्रमांक सगळ्या मोबाइल ॲपमध्ये आहेत, म्हणून कुत्रंही सगळीकडे.

पण तो शब्द कुत्र्याचा नाही. प्रोस म्हणजे “कडे”, आणि कुनेओ म्हणजे चुंबन घेणं. कुत्रा म्हणजे कुओन, षष्ठीत कुनोस. दोन्हींत “कुन” दिसतं म्हणून फसायला होतं. कुनेओचा भूतकाळ मात्र एकुसा असा होतो; त्यात न उरतच नाही. म्हणजे तो न वर्तमानकाळापुरता जोडलेला आहे, धातूचा नाही. कुत्र्याचा न मुळातलाच आहे. वर्गात फळ्यावर ही तीन रूपं लिहिली आणि कुत्रं गेलं. एक काका हिरमुसले, त्यांच्या पुढच्या रविवारच्या संदेशात ते होतं.

चुंबनाचंही जास्त ताणायचं नाही असं ठरलं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस पहिल्या ग्रंथात (१.१३४) पर्शियन लोकांची रीत सांगतो: बरोबरीचे भेटले तर तोंडाचं चुंबन, एक थोडा खालचा असेल तर गालाचं, आणि फारच खालचा असेल तर तो दुसऱ्यापुढे पालथा पडतो. या शेवटच्या क्रियेला तो प्रोस्कुनेओच म्हणतो. म्हणजे इसवी सनाच्या चार-पाचशे वर्षं आधीच शब्दाचा भर ओठांवरून पाठीच्या कण्यावर गेलेला होता. कार्डावर लिहिलं: “पुढे होऊन वाकणं, गुडघे टेकणं, पालथं पडणं, देवापुढे किंवा मोठ्या माणसापुढे.”

८ जुलै

हा आठवडा वाया गेला. कुणी त्याच वाटेने जाऊ नये म्हणून सविस्तर लिहिते.

प्रोस्कुनेओचं कर्म कधी चतुर्थीत येतं, कधी द्वितीयेत. मराठीत “त्याला” दोन्हीकडे चालतं, त्यामुळे आपल्याला हा फरक दिसतच नाही. प्रकटीकरणाच्या ओळी लावताना वाटलं, सापडलं! देवापुढे वाकतात तिथे दर वेळी चतुर्थी (४:१०, ७:११, ११:१६, १४:७, १९:४, २२:९). श्वापदाला (या पुस्तकातला देवाचा शत्रू) नमन करतात तिथे द्वितीया (१३:८, १३:१२, १४:९, २०:४). खरी उपासना चतुर्थीत, खोटी द्वितीयेत, असा सुंदर नियम. पाळकसाहेबांना फोनसुद्धा केला.

मग राहिलेल्या ओळी भरल्या. १३:४ मध्ये लोक अजगराला नमन करतात: चतुर्थी. त्याच वचनात श्वापदालाही चतुर्थी. श्वापदाच्या मूर्तीला १३:१५ आणि १६:२ मध्ये चतुर्थी. नियमाला तडे गेले. तरी म्हटलं, हा निदान प्रकटीकरणाचा कल असेल, योहानाचं शुभवर्तमान पाहू. योहान ४:२३: खरे उपासक पित्याची उपासना करतील, तिथे पिता चतुर्थीत, आणि त्याच वचनाच्या शेवटी “त्याची उपासना करणारे” यात तोच पिता द्वितीयेत. एका वचनात दोन विभक्त्या, देव एकच.

विभक्तीचा रकाना तक्त्यात राहू दिला आहे, कार्डावर त्याचा उल्लेख नाही. पाळकसाहेबांना परत फोन केला. ते म्हणाले, बरं झालं रविवारच्या आत कळलं.

१७ जुलै

आषाढी एकादशीची सुट्टी. टीव्हीवर पंढरपूर चालू, घरात मी सेप्टुआजिंट घेऊन बसले.

जुन्या कराराचं हे ग्रीक भाषांतर तक्त्यात नव्हतं, पण त्याच्याशिवाय भागेना. नवा करार लिहिणाऱ्यांच्या कानांत हेच ग्रीक होतं. हिब्रूतलं “वाकणं” जिथे येतं तिथे त्यात बहुतेक प्रोस्कुनेओ आहे. आणि ते वाकणं फक्त देवापुढे नाही. सारेच्या कबरेसाठी जमीन मागताना अब्राहाम हेथी लोकांपुढे वाकतो, उत्पत्ती २३:७ : प्रोस्कुनेओ. याकोब एसावाला भेटताना सात वेळा भुईपर्यंत वाकतो, उत्पत्ती ३३:३ : तोच शब्द. आणि जमिनीच्या प्रसंगाआधीच्याच अध्यायात, २२:५ मध्ये, अब्राहाम इसहाकाला घेऊन डोंगरावर “उपासना” करायला निघतो : तोच शब्द. एका ठिकाणी देव, एका ठिकाणी जमीनमालक, एका ठिकाणी रुसलेला भाऊ.

यामुळे मत्तयाच्या ओळी मला पुन्हा भराव्या लागल्या. “कोणापुढे” रकान्यात मी “देव” आणि “येशू” एवढेच पर्याय ठेवले होते. पण १८:२६ मधला कर्जबाजारी दास राजापुढे पडून सवलत मागतो, तिथेही प्रोस्कुनेओ. आणि मार्क १५:१९ मध्ये शिपाई येशूच्या डोक्यावर वेताने मारतात, थुंकतात, गुडघे टेकून प्रोस्कुनेओ करतात, तेही थट्टेने. शरीराची क्रिया तीच. आता पर्याय पाच आहेत: देव, येशू, माणूस, दूत, मूर्ती-श्वापद. शिवाय “भाव” असा एक रकाना वाढवला: आदर, विनवणी, उपासना, थट्टा. जब्दीच्या मुलांची आई (मत्तय २०:२०) हक्काने विनवणीत.

नको म्हणणारे तीन प्रसंग मात्र ठळक केले आहेत. रोमी अधिकारी कर्नेल्य पेत्राच्या पाया पडतो, पेत्र त्याला उठवतो, मीही माणूसच आहे (कृत्ये १०:२५-२६). योहान देवदूतापुढे पडतो, दूत म्हणतो असं करू नको, देवाला कर. आणि हे प्रकटीकरणात दोनदा घडतं, १९:१० आणि २२:८-९. एकदा सांगून भागलं नाही.

२१ जुलै

मराठीचा रकाना. आमच्याकडे वर्गात बायबल सोसायटीचं नेहमीचं मराठी बायबल असतं, तेच घेतलं. वचनं पूर्ण उतरवली नाहीत, फक्त शब्द.

मत्तय २:२, मागी लोक (पूर्वेकडचे ज्ञानी) बाळ येशूला शोधत येतात: “नमन”. योहान ४, शोमरोनी स्त्रीशी बोलणं: त्याच प्रोस्कुनेओला सगळीकडे “उपासना”. मत्तय १५:९, “ते व्यर्थ माझी उपासना करतात”: इथे ग्रीक सेबोमाय. मत्तय ४:१०, “परमेश्वर तुझा देव ह्याला नमन कर व केवळ त्याचीच उपासना कर”: नमन म्हणजे प्रोस्कुनेओ, उपासना म्हणजे लात्रेउओ. रोम १२:१, लात्रेइया: “आध्यात्मिक सेवा”.

“उपासना” या एका मराठी शब्दाखाली तीन ग्रीक क्रियापदं आहेत. भाषांतरकारांना दोष देत नाही. मागी लोक “उपासना करायला आलो आहोत” म्हणाले असते तर मराठीत विचित्र वाटलं असतं, आणि योहान ४ मध्ये गरिज्जीम डोंगरावर शोमरोन्यांच्या पूर्वजांनी “नमन” केलं एवढंच म्हटलं असतं तर अपुरं. पण याचा परिणाम असा की नुसतं मराठी वाचून शब्दांवर वाद घालता येत नाही. वर्गातले दोन्ही पक्ष नेमकं तेच करत होते.

मत्तय ४ जवळून पाहण्यासारखं आहे. नव्या करारात प्रोस्कुनेओ आणि लात्रेउओ एकाच वचनात येतात ते इथे आणि लूक ४:८ मध्येच. सैतान मागतो ते फक्त पहिलं: एकदा पाया पडून नमन कर, सगळी राज्यं तुझी. एक वाकणं, दोन सेकंदांचं काम. येशू उत्तर देतो ते जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातून, आणि त्यात दुसरं क्रियापद आहे, रोजच्या सेवेचं. “केवळ” हा शब्दही ग्रीकमध्ये दुसऱ्याच क्रियापदाच्या अंगाला आहे. सैतानाने सेवेचं नावच काढलं नव्हतं.

लात्रेउओबद्दल थोडंच. लात्रिस म्हणजे मूळचा मोलाने राबणारा. सेप्टुआजिंटमध्ये मोशे फारोला सांगतो, माझ्या लोकांना सेवा करायला जाऊ दे, तिथे हे क्रियापद. वादळात सापडलेल्या जहाजावर पौल म्हणतो, “ज्याचा मी आहे आणि ज्याची सेवा करतो” त्या देवाचा दूत आला होता (कृत्ये २७:२३): तेच. आणि योहान १६:२: तुम्हाला मारून टाकणाऱ्याला वाटेल की आपण देवाला लात्रेइया अर्पण करतोय. हे वचन कार्डावर घ्यावं की नाही यावर घरात चर्चा झाली. घेतलं.

२८ जुलै

लेइतुर्गिया. सगळ्यात कमी अपेक्षा होती या शब्दाकडून.

चर्चमधल्या ठरलेल्या उपासनाविधीला लिटर्जी म्हणतात, तो शब्द यावरूनच आला. लिटर्जी म्हणजे “लोकांचं कार्य”, सगळ्यांनी मिळून करायचं, असं सांगतात. अथेन्समध्ये तो अर्थ नव्हता. तिथे लेइतुर्गिया म्हणजे श्रीमंत नागरिकावर नगराने टाकलेला सार्वजनिक खर्च: वर्षभर एक युद्धनौका सांभाळायची, नाहीतर उत्सवातल्या नाटकाच्या गायकवृंदाला पोसायचं. लोकांसाठी एकाने पदरमोड करायची. यहुदी ग्रीकमध्ये तोच शब्द मंदिरातल्या याजकांच्या सेवेला लागला.

आता नव्या करारातल्या १५ जागा. याजक आणि मंदिर ५: जखऱ्याच्या सेवेचे दिवस (लूक १:२३) आणि इब्री ४ वेळा. देवदूत २, दोन्ही इब्री १ मध्ये. राहिल्या ८. रोम १३:६ मध्ये लेइतुर्गोस म्हणजे कर गोळा करणारे अधिकारी! रोम १५:२७ आणि २ करिंथ ९:१२ मध्ये यरुशलेमेतल्या गरीब पवित्र जनांसाठी जमवलेली वर्गणी. फिलिप्पै २:२५ आणि २:३० मध्ये एपफ्रदीत, ज्याने तुरुंगातल्या पौलाला फिलिप्पैकरांची मदत पोहोचवली आणि त्यात आजारी पडून मरणाच्या दारी गेला. रोम १५:१६ आणि फिलिप्पै २:१७ मध्ये पौल स्वतःच्या कामाला आणि त्यांच्या विश्वासाला याजकाची भाषा लावतो. आणि शेवटची एक, कृत्ये १३:२: अंत्युखियाच्या मंडळीत काही जण प्रभूची सेवा व उपास करत असताना पवित्र आत्मा बोलतो.

म्हणजे रविवारच्या सभेसारखं काही दिसतं ते फक्त शेवटच्या ओळीत. बाकी डबा पोहोचवणं आणि पैसे जमवणं. आमच्या मंडळीचे खजिनदार हे कार्ड मागून घेणार याची खात्री आहे.

१ ऑगस्ट

छपाई. मजकूर दुकानात नेला. तिथला मराठी मजकूर जुन्या, बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये चालतो. माझी फाइल उघडताच जोडाक्षरं फुटली आणि ग्रीक शब्दांच्या जागी चौकोन आले. पहिला नमुना रद्द, १४० रुपये पाण्यात. घरी येऊन फॉन्ट आत बसवून पीडीएफ केली, तीच जशीच्या तशी छापायला दिली. ए-फाइव्ह, जाड कागद, दोन्ही बाजू, एका कार्डाला १८ रुपये. लॅमिनेशन नको म्हटलं. लोकांना पेन्सिलीने लिहायचं असतं.

७ ऑगस्ट

कार्डं वर्गात वाटली. वाद मिटेल असं वाटलं होतं. मिटला नाही, पण सरकला. गाणी ही उपासना की वचन ही उपासना, हे कुणी विचारेना. आता प्रश्न असा: प्रोस्कुनेओला शरीर लागतं, तर आपण रविवारी दीड तास खुर्चीवर का बसून असतो? एका मावशींनी सांगितलं, त्यांच्या सासूबाई प्रार्थनेला जमिनीवर डोकं टेकवायच्या. एका तरुणाने लगेच याकोब १:२७ काढलं: अनाथ आणि विधवांची काळजी घेणं ही शुद्ध थ्रेस्केइया. खजिनदारांनी कार्ड नेलं.

सेबोमायच्या कार्डाकडे कुणी बघितलं नाही, आणि माझ्या मते बघायला हवं होतं. १० पैकी ८ जागा कृत्यांत आहेत, आणि त्यातल्या ६ ठिकाणी तो शब्द यहुदी सभास्थानाच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या परराष्ट्रीय लोकांसाठी आहे, जसं थुवतीराची जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया. इफिसच्या अर्तमीचे सोनार आपल्या देवीबद्दल बोलताना वापरतात तोही हाच (१९:२७). आतलं आणि बाहेरचं, दोन्हींना एक शब्द.

१५ ऑगस्ट

सुट्टी, आणि मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. वहिनी वसईच्या, कॅथलिक. सकाळची मिस्सा आटोपून आल्या. टेबलावरची कार्डं पाहून म्हणाल्या, “तुमच्यातले लोक म्हणतात आम्ही मरियेची उपासना करतो. तुझ्या तक्त्यात काय निघालं?”

मी त्यांना मत्तय ४:१० ची ओळ दाखवली आणि “केवळ” कुठे आहे ते दाखवलं. हा मुद्दा माझा नव्हे. ७८७ मध्ये निकियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेत प्रतिमांबद्दल निर्णय झाला तेव्हा हाच युक्तिवाद वाचला गेला होता: “केवळ” लात्रेउओला जोडलेलं आहे, प्रोस्कुनेओला नाही. परिषदेने ठरवलं की प्रतिमांना आदराचं प्रोस्कुनेसिस (प्रोस्कुनेओचं नाम) चालेल, लात्रेइया फक्त देवाला. घोळ लॅटिनमध्ये झाला. परिषदेचं इतिवृत्त लॅटिनमध्ये वाईट उतरलं, प्रोस्कुनेसिसचं तिथे “आदोरातिओ”, म्हणजे देवालाच करायची उपासना, झालं, आणि फ्रँक लोकांचा राजा शार्लमेनच्या दरबारातले धर्मपंडित खवळले. ७९४ च्या फ्रँकफर्टच्या सभेत त्याचा निषेध झाला. लात्रिया हा शब्द लॅटिनने ग्रीकमधून जसाच्या तसा उचलला, कारण जुना लॅटिन धर्मपंडित ऑगस्टीन याच्या म्हणण्याप्रमाणे लॅटिनमध्ये त्याला एका शब्दाचा जोड नव्हता.

वहिनी म्हणाल्या, “म्हणजे आमचं बरोबर.” मी म्हटलं, शब्दांपुरतं हो; पण पेत्राने कर्नेल्याला उठवलं ती ओळही तक्त्यात आहे. त्या म्हणाल्या, “पेत्र समोर उभा होता म्हणून.” यावर माझ्याकडे रकाना नाही.

२४ ऑगस्ट

शिल्लक कामं.

थ्रेस्केइयाचं कार्ड परत छापायचं. कलस्सै २:१८ मध्ये “देवदूतांची थ्रेस्केइया” आहे. ही षष्ठी दोन्ही बाजूंनी लागते: देवदूतांना केलेली उपासना, किंवा देवदूत करतात ती, जिच्यात सामील झाल्याचा दावा काही जण करत होते. पहिल्या छपाईत एकच अर्थ दिला होता. आता दोन्ही देते.

इब्री ११:२१ च्या ओळीला टीप हवी. याकोब काठीच्या टोकावर टेकून नमन करतो. उत्पत्ती ४७:३१ च्या हिब्रू पाठात तो बिछान्याच्या उशाशी वाकतो. व्यंजनं तीच, स्वर बदलले की मित्ता म्हणजे बिछाना, मत्ते म्हणजे काठी. सेप्टुआजिंटने काठी वाचली आणि इब्रीच्या लेखकाने तेच घेतलं. वर्गात कुणीतरी दोन्ही वचनं समोरासमोर ठेवणारच.

एकूण खर्च छपाई, फुकट गेलेला नमुना आणि रिक्षा धरून ९७० रुपये. पुढे कुणी करणार असेल त्याला एकच सांगणं: “कोणापुढे” आणि “भाव” हे रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि सेप्टुआजिंटच्या ओळी सुरुवातीलाच भरा. माझ्या मत्तयाच्या तेराही ओळी त्यापायी दोनदा लिहून झाल्या.